अकरा किलो वजनाच्या मुलाचा ताप

२०२० च्या एप्रिल महिन्यात माझ्या धाकट्या मुलाला नऊ महिने पूर्ण झाले आणि त्याच्या लसीकरणाच्या कार्डावर गोवर-रुबेलाच्या पहिल्या मात्रेचा रकाना रिकामा राहिला. टाळेबंदी लागून तीन आठवडे झाले होते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या भागात एरवी ठरलेल्या वारी बाळांना लस टोचली जाई. ते काम त्या दिवसांत थांबले होते आणि पुन्हा केव्हा सुरू होईल हे कोणालाच नक्की सांगता येत नव्हते. मी मोबाइलवर शोधायला बसले, तेव्हा एका परदेशी संकेतस्थळावर गोवराची पहिली मात्रा बारा महिन्यांनंतर द्यावी असे वाचले आणि क्षणभर हायसे वाटले. दुसऱ्या ठिकाणी नऊ महिने पूर्ण होताच द्यावी असे होते. दोन्ही मजकूर डॉक्टरांनीच लिहिलेले होते. मग एवढ्याशा गोष्टीत तीन महिन्यांचा फरक का, हे मला त्या रात्री कोठेच सापडले नाही.

उत्तर मिळाले ते आमच्याकडे येणाऱ्या नर्सबाईंना फोन केल्यावर. आपल्याकडे गोवर अजून पसरतो आणि तो लहान वयातच गाठतो, शिवाय आईकडून बाळाला मिळालेले संरक्षण नवव्या महिन्यापर्यंत पुष्कळ ओसरलेले असते, म्हणून आपल्या वेळापत्रकात ही मात्रा नऊ महिन्यांवर ठेवली आहे. ज्या देशांत गोवर फारसा उरलेला नाही तेथे थोडे थांबणे परवडते, असे त्यांनी मला पाच मिनिटांत समजावले. मात्रा लांबली म्हणून आधीच्या लसी वाया जात नाहीत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवातही करावी लागत नाही. परंतु लांबलेल्या प्रत्येक आठवड्यात मूल उघडे राहते, आणि गोवर हा करोनाहूनही वेगाने पसरणारा आजार आहे, हेही त्यांनी सांगितले. जूनमध्ये काम पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी आपणहून फोन केला आणि माझ्या मुलाला लस मिळाली. २०२० या एका वर्षात जगभरातील सुमारे २ कोटी ३० लाख मुलांच्या नेहमीच्या लसी चुकल्या, असा अंदाज पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी प्रसिद्ध केला. तो आकडा वाचताना मला त्या पाच मिनिटांच्या फोनची आठवण झाली. त्या कोट्यवधी घरांपैकी किती घरांत निव्वळ विचारायला माणूस नव्हता म्हणून सुई राहून गेली असेल, असा विचार मनात आला.

महामारीच्या काळात आईबापांना माहिती कमी पडली असे म्हणणे मला खरे वाटत नाही. माहिती इतकी होती की फेब्रुवारी २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेला या पुरासाठी ‘इन्फोडेमिक’ हा वेगळा शब्द वापरावा लागला. कमी पडली ती आपल्या मुलापुरती, आपल्या घरापुरती, आजच्या रात्रीपुरती बेतलेली माहिती, आणि ती सांगून झाल्यावर पुन्हा विचारता येईल असे माणूस. मी एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे ही उणीव मला दोन्ही बाजूंनी दिसली. घरात मी स्वतः चाचपडत होते आणि त्याच वेळी वर्गातल्या मुलांचे आईवडील मला प्रश्न विचारत होते. ते प्रश्न मी एका वहीत उतरवून ठेवत असे, कारण बहुतेकांची उत्तरे मला लगेच देता येत नसत. कोणाला तरी विचारून ती परत कळवावी लागत.

गोव्यातला आरंभीचा काळ आता आठवला तरी चमत्कारिक वाटतो. पहिले तीन रुग्ण २५ मार्च २०२० रोजी सापडले. एप्रिलच्या सुरुवातीला आकडा सातावर थांबला, १९ एप्रिलपर्यंत ते सातही जण बरे झाले आणि मेच्या आरंभी केंद्राच्या यादीत उत्तर व दक्षिण गोवा हे दोन्ही जिल्हे हरित विभागात आले. बाहेर असा शांतपणा होता आणि आमच्या घरात दिवसभर मुंबईच्या मराठी वृत्तवाहिन्या चालू असत. धारावीतले आकडे, पुण्यातल्या खाटा, महाराष्ट्रातल्या संचारबंदीचे नियम हे सगळे माझ्या सासूबाईंना तोंडपाठ झाले होते, पण आपल्या तालुक्यात काय चालले आहे ते विचारले तर सांगता येत नसे. गोव्यातले सरकारी आदेश आणि रोजचे आरोग्यपत्रक इंग्रजीत निघे. त्यांतला मुख्य भाग दुसऱ्या दिवशी इथल्या मराठी वर्तमानपत्रांत येई, मात्र वाहिनीचा आवाज दिवसभर घरात असे आणि वर्तमानपत्र सकाळी एकदाच. त्यामुळे माझ्या वर्गातल्या कितीतरी पालकांना महाराष्ट्रातला नियम हाच आपला नियम वाटे. शाळा अमुक तारखेला उघडणार, अमुक वयाच्या मुलांना घराबाहेर काढायचे नाही, असे निरोप पालकांच्या गटात फिरत आणि ते पलीकडच्या राज्याचे आहेत हे दोन दिवसांनी ध्यानात येई. भाषा एक आणि सरकार दुसरे, ही गोव्यातल्या मराठी माणसाची नेहमीची स्थिती आहे. एरवी तिचा त्रास होत नाही. त्या काळात झाला.

माझी आई पलीकडे महाराष्ट्रात, बांद्याला राहते. पत्रादेवीचा नाका ओलांडला की अर्ध्या तासात मी माहेरी पोहोचते; त्या वर्षी तो नाका परदेशाच्या सीमेसारखा झाला आणि आजीने नातवाचे पहिले पाऊल मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. सांगायचे ते एवढ्यासाठी की दुखणेबाणे असले की आम्ही प्रथम आईला विचारतो, आणि तिच्याकडे चाळीस वर्षांचे शहाणपण असूनही या नव्या आजाराबद्दल तिला काहीच माहीत नव्हते. “तुझ्या डॉक्टरांनाच विचार गो,” असे ती म्हणे, तेव्हा मला पहिल्यांदा पोरके वाटले.

वहीतले प्रश्न आज चाळताना जाणवते की त्यांतले फार थोडे खुद्द विषाणूबद्दल होते. भाजी साबणाच्या पाण्याने धुवायची का, असे बऱ्याच जणींनी विचारले होते. भाजी साध्या वाहत्या पाण्याने धुवावी, साबण पोटात जाऊ नये, हे उत्तर सोपे होते. सॅनिटायझरची बाटली मुलांच्या हाताला येईल अशी ठेवू नका, त्यात साठ-सत्तर टक्के अल्कोहोल असते, घरात असताना साधा साबण पुरतो, हे मी स्वतःहून सांगत असे. तीन वर्षांच्या मुलीला मास्क घालायचा का, हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला. पाच वर्षे व त्याखालील मुलांना मास्कची सक्ती करू नये, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले होते, तरीही बाजारात त्या वयाच्या मापाचे रंगीत मास्क मिळत आणि न घालणाऱ्या आईकडे लोक रागाने पाहत. काढ्याचा प्रश्न मात्र नाजूक होता, कारण तो सासूबाई, आत्या, शेजारीण यांच्या मायेतून आलेला असे. मिरे, सुंठ, दालचिनी घातलेला काढा चार वर्षांच्या मुलाला दिवसातून तीनदा पाजल्यावर त्याच्या तोंडात फोड आले आणि त्याने पेज खाणेसुद्धा सोडले, असे एका आईने मला सांगितले. त्याहून मला भीती वाटे ती वाफेची. उकळत्या पाण्याच्या टोपावर लहान मुलाला ओणवे करून वर चादर टाकायची, ही पद्धत घरोघर सुरू झाली होती. वाफेने विषाणू मरत नाही, पण टोप कलंडून भाजलेल्या मुलांना रुग्णालयांत आणावे लागत होते. हे वाक्य मी पालकांच्या गटात किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही, आणि ते कोणी मनावर घेतले असेल तर माझ्या हातून त्या वर्षात घडलेले ते सर्वांत उपयोगी काम होते.

मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. २०२० साली ती २२ ऑगस्टला होती. गोव्यात चवथ म्हणजे मूळ घरी जाणे, पाच-सहा कुटुंबांची मुले एका माळ्यावर झोपणे, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली सगळ्यांनी एकत्र आरती म्हणणे. वहीच्या त्या पानावर सतरा पालकांनी विचारलेला एकच प्रश्न आहे: मुलांना घेऊन मूळ घरी जायचे का? याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात असणे शक्य नव्हते. माणसे किती, म्हातारी माणसे किती, खिडक्या उघड्या राहतात का, कोण कोठून येणार आहे, यावर ते अवलंबून होते. पण हे चार प्रश्न स्वतःला विचारा आणि मग ठरवा, एवढे तरी आम्हाला कोणी वेळेवर सांगायला हवे होते. उत्तर देता येत नसेल तेथे विचार करण्याची रीत द्यावी, हे मी वर्गात मुलांच्या बाबतीत पाळते. मोठ्यांनाही त्याचीच गरज होती. आमच्या घरातून फक्त माझे पती गेले आणि दीड दिवसाने परतले. सप्टेंबरात गोव्यातील पहिल्या लाटेने कळस गाठला.

स्तनपानाविषयीचा प्रश्न रात्री अकरा वाजता आला होता. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई चाचणीत बाधित निघाली होती आणि तिचे धाकटे बाळ तीन महिन्यांचे होते. बाळाला वेगळ्या खोलीत ठेवून वरचे दूध सुरू करा, असे घरातले सांगत होते. तिला स्वतःला ताप होता, छाती दाटून आली होती आणि बाळ रडत होते. मी ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञांना त्या वेळी फोन केला, त्यांनी तो उचलला, आणि पंधरा मिनिटांत तिला उत्तर गेले: मास्क लावून, हात धुऊन पाजत राहा, दुधातून हा आजार गेल्याचा पुरावा नाही, दुधातून संरक्षण मात्र जाते, फार थकवा असेल तर दूध काढून दुसऱ्या कोणी वाटी-चमच्याने पाजावे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आरंभापासून हाच होता. तो जिनिव्हातून निघून आमच्या तालुक्यातल्या एका बाळंतिणीच्या खाटेपर्यंत पोहोचायला इतके महिने आणि दोन माणसांची मध्यस्थी लागली. त्या बाईला पुढच्या वर्षी आणखी एक कोडे पडले. लसीकरण सुरू झाले तेव्हा गरोदर आणि स्तनदा मातांना त्यातून वगळले होते. मग १९ मे २०२१ रोजी स्तनदा मातांना आणि २ जुलै २०२१ रोजी गरोदर स्त्रियांना परवानगी मिळाली. “आधी वाईट होती ती लस आता चांगली कशी झाली, बाई?” असा तिचा सरळ प्रश्न होता. चाचण्यांत त्या स्त्रियांचा समावेश नव्हता म्हणून त्यांना थांबवले होते, अपाय दिसला म्हणून नव्हे, हे कारण पहिल्याच दिवशी सांगितले असते तर तिचा विश्वास डळमळला नसता. सल्ला बदलणे यात गैर काही नाही, ज्ञान वाढले की तो बदलणारच. पण कारणाशिवाय बदललेला सल्ला ऐकणाऱ्याला खोटा वाटतो.

आमच्या स्वतःच्या घरी आजार आला तो मे २०२१ मध्ये. त्या दिवसांत गोव्यात चाचणी करणाऱ्या दर दोघांपैकी जवळपास एकजण बाधित निघत होता, राज्यात ९ मेपासून संचारबंदी होती आणि रुग्णालयांतील ऑक्सिजनचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे चालला होता. माझे पती औषधनिर्मितीच्या कारखान्यात काम करतात. तो कारखाना टाळेबंदीतही बंद नव्हता. दहा तारखेला त्यांना ताप आला, बारा तारखेला मला, आणि चौदाला दोन्ही मुलांना एकाच दुपारी. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि मुलगा बावीस महिन्यांचा.

दहा मे रोजीच, राज्यातील अठरा वर्षांवरील सर्वांनी लक्षणे असोत वा नसोत पाच दिवस आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाच्या गोळ्या घ्याव्यात, असा निर्णय जाहीर झाला होता. हे औषध या आजारात केवळ चाचण्यांपुरतेच वापरावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्चअखेरीस स्पष्ट केले होते. मोठ्यांनी काय करावे याबद्दल मतमतांतरे चालू असताना पालकांच्या मनात लगेच दुसराच प्रश्न उभा राहिला: मग मुलांना अर्धी द्यायची का? दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला तसा निरोप चार गटांतून आला, वजनाप्रमाणे पाव आणि अर्ध्या गोळीचा तक्ताही त्यासोबत होता. तो तक्ता कोणी बनवला हे कोणालाच माहीत नव्हते. आमच्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितले की मुलांना ही गोळी द्यायची नाही. जूनमध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही सौम्य आजारात तापासाठी पॅरासिटामॉल, पुरेसे पाणी आणि सकस आहार एवढेच सुचवले होते. रेमडेसिवीर मुलांना देऊ नये आणि स्टेरॉइड रुग्णालयाबाहेर वापरू नये असे बजावले होते. त्या सूचना वाचताना मला वाटले की हा कागद एक महिना आधी मराठीत आणि कोंकणीत हाती पडला असता तर किती घरांचा जीव भांड्यात पडला असता.

डॉक्टरांशी बोलणे झाले ते १५ मेच्या संध्याकाळी, फोनवर. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “वजन किती?” माझ्या मुलाचे वजन अकरा किलो होते. “वही घ्या आणि लिहून काढा,” ते म्हणाले. पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा किलोमागे दहा ते पंधरा मिलिग्रॅम असते, म्हणजे अकरा किलोच्या मुलाला ११० ते १६५. दोन मात्रांमध्ये किमान चार, शक्यतो सहा तासांचे अंतर हवे. मग त्यांनी मला उठून बाटली आणायला आणि तिच्यावर लिहिलेला आकडा वाचून दाखवायला सांगितले. घरात दोन बाटल्या निघाल्या. एकीवर पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असे होते, दुसरीवर, जी मुलीसाठी आणलेली होती, तिच्यावर २५०. चव सारखी, रंग जवळपास सारखा, चमचा तोच. मी घाबरलेल्या मनाने रात्री दुसरी बाटली उचलली असती तर मुलाला दुप्पट औषध गेले असते, आणि ते दिवसभर तसेच चालू राहिले असते तर ताप उतरला म्हणून मी समाधानीच राहिले असते. ज्या गोष्टीने माझ्या मुलाला खरोखर अपाय होऊ शकला असता, ती कोणत्याही वाहिनीवर किंवा निरोपात आली नव्हती.

पुढे त्यांनी श्वास मोजायला शिकवले. मूल शांत किंवा झोपलेले असताना पोटावरचे कपडे वर करावेत आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला चाळीस किंवा अधिक असतील तर ते वेगाचे समजावे. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला ही मर्यादा पन्नास आणि त्याहून लहान बाळाला साठ. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पिण्यास नकार देत असेल, जागे करूनही डोळे उघडत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर विचारत बसू नका, १०८ ला फोन करा. घरातल्या ऑक्सिमीटरवर मुलाचे बोट ठेवले तर ८४ दिसत होते आणि माझ्या पायांखालची जमीन सरकली होती. तो चिमटा मोठ्यांच्या बोटासाठी केलेला असतो, इवल्या बोटावर नीट बसत नाही, पायाचा अंगठा ऊबदार करून त्यावर लावा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, असे त्यांनी सांगितले. तसे केल्यावर ९७ आले.

हे सगळे मी शाईने वहीत लिहिले, आणि ते फार बरे झाले, कारण दुसऱ्या दिवशी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. १६ मे, रविवार. पहाटेपासून वारा असा सुटला की आमच्या मागच्या परसातला फणस मुळासकट आडवा झाला. वीज गेली ती आमच्याकडे तिसऱ्या दिवशी आली. पंप नाही म्हणून पाणी नाही, आणि दुपारनंतर मोबाइलला नेटवर्कही नाही. गेले वर्षभर ज्या यंत्रावर आम्ही आमचे सगळे आरोग्यज्ञान टांगून ठेवले होते, ते खिशात निर्जीव झाले. त्या रात्री घरात चार आजारी माणसे होती, वेगळ्या खोलीत अडुसष्ट वर्षांच्या, मधुमेह असलेल्या सासूबाई होत्या, आणि देवघरातली समई व एक टॉर्च एवढाच उजेड होता. मी भिंतीवरचे घड्याळ काढून उशाशी ठेवले, वहीचे पान टॉर्चखाली धरले आणि दर दोन तासांनी मुलाचे श्वास मोजले. चौतीस. छत्तीस. रात्री तीनला ताप चढला तेव्हा अडतीस झाले, आणि मी औषधाच्या बाटलीवरचा आकडा तीनदा वाचून मात्रा दिली. पहाटे पुन्हा बत्तीसवर आले. पेजेचे निवळ पाणी त्याने वाटीभर घेतले. त्या रात्री मला भीती वाटली नाही असे नाही. पण भीतीला काहीतरी काम मिळाले होते. चाळीस हा आकडा मला माहीत होता, म्हणून एकोणचाळीसपर्यंत मी बसून राहू शकत होते.

सासूबाईंनाही पुढे ताप आला. त्यांची पहिली मात्रा एप्रिलमध्ये आमच्या पंचायतीत भरलेल्या लसीकरण शिबिरात झाली होती. आठ-दहा दिवस त्यांना अशक्तपणाने उठता येत नव्हते, पण त्या घरीच बऱ्या झाल्या. या काळात माझी मुलगी एकदम गप्प झाली. आम्ही तिकडे फारसे लक्ष दिले नाही, कारण तिचा ताप दोन दिवसांतच उतरला होता आणि आमच्या लेखी ती बरी होती. आजी चालू-फिरू लागल्यावर एका दुपारी तिने मला विचारले, “आजीला माझ्यामुळे झाला का? मी त्या दिवशी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या खोलीत गेले होते.” ती दोन आठवडे हे मनात घेऊन वावरत होती. ‘मुलांमुळे घरातल्या वृद्धांना धोका’ हे वाक्य वर्षभर घरात वाहिनीवरून ऐकू येत होते. ते मोठ्यांसाठी होते, पण समोर बसून ऐकणारी आठ वर्षांची मुलगीही होती, याचा विचार ते लिहिणाऱ्याने केला नाही आणि ते ऐकणाऱ्या मीही केला नाही. मुलाच्या वयाला समजेल अशा शब्दांत काय सांगावे, हे त्या काळात पालकांना सर्वांत कमी शिकवले गेले. मी तिला जे खरे होते तेच सांगितले: ताप प्रथम बाबांना आला, तो कोणाकडून कोणाकडे गेला हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि तहानलेल्या माणसाला पाणी नेऊन देणे ही चूक नसते. तिने ते किती मानले हे मला आजही नक्की ठाऊक नाही. पुढे बरेच दिवस ती आजीच्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबून आधी विचारत असे, “येऊ?”

जूनच्या मध्यावर तिचे पोट दुखू लागले आणि अंगात कणकण आली. एरवी मी ओवा दिला असता आणि वाट पाहिली असती. परंतु आजारानंतर दोन ते सहा आठवड्यांनी काही थोड्या मुलांच्या शरीरात दाह उसळतो, त्यात चढा ताप, पोटदुखी, लाल डोळे, अंगावर पुरळ, ओठ-जीभ लाल होणे अशी लक्षणे दिसतात, तो विरळा असला तरी लवकर ओळखला तर बरा होतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते आणि ते वहीत होते. मी दिवस मोजले, ते बत्तीस भरले, आणि त्याच सकाळी तिला दाखवले. साधे पोट बिघडलेले निघाले. डॉक्टर रागावले नाहीत. “दिवस मोजून आलात, हे चांगले केलेत,” असे म्हणाले.

तिसरी लाट मुलांवरच येणार, हे तेव्हा सगळीकडे बोलले जात होते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २२ मे २०२१ रोजीच निवेदन काढून सांगितले होते की पुढची लाट मुख्यत्वे मुलांनाच गाठेल असे मानण्यास आधार नाही. जून-जुलैमध्ये झालेल्या चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तर सहा ते सतरा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, म्हणजे बहुसंख्य मुलांना हा आजार आधीच होऊन गेला होता आणि घरच्यांना त्याचा पत्ताही लागला नव्हता. या दोन्ही गोष्टी दिलासा देणाऱ्या होत्या आणि दोन्ही आतल्या पानावर छापल्या गेल्या. माझ्या वर्गातल्या एका वडिलांनी मात्र त्या भीतीपोटी कर्ज काढून ऑक्सिजन यंत्र घरी आणून ठेवले. ते अद्याप त्यांच्या माळ्यावर आहे.

मुलाची गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा आणि त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लसीचा वर्धक डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान व्हायचा असतो. आम्ही तो मे महिन्यात द्यायचे ठरवले होते, ते राहिले. जुलैमध्ये मुलाला दोन वर्षे पूर्ण व्हायला आठवडा असताना मी त्याच नर्सबाईंकडे गेले. मी दोन प्रश्न कागदावर लिहून नेले होते. करोना होऊन गेलेल्या मुलाला नेहमीची लस किती दिवसांनी द्यावी, हा पहिला. मूल पूर्ण बरे झालेले असेल आणि ताप नसेल तर थांबण्याचे कारण नाही, असे त्यांनी लगेच सांगितले. दुसरा प्रश्न मुलीचा होता. तिला लहानपणी एका लसीनंतर अंगावर गांधी उठल्या होत्या, तर मुलांची करोना लस निघेल तेव्हा तिला ती देता येईल का? त्यांनी कागद हातात घेतला, पुन्हा वाचला, आणि आमच्याशी नेहमी बोलतात तशा कोंकणीत म्हणाल्या, “हें म्हाका खबर ना. फाल्यां विचारून सांगतां.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑनलाइन वर्ग घेत असताना त्यांचा फोन आला. तेव्हा कोणती लस होती, कोणत्या घटकांविषयी विचारावे लागेल, कोणत्या डॉक्टरांना आधी दाखवावे आणि टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच का थांबवून घेतात, हे सगळे त्यांनी मोठ्या डॉक्टरांना विचारून लिहून घेतले होते. त्या ते वाचून दाखवत होत्या आणि मी वहीत उतरवून घेत होते.